पणजीच्या नाकासमोरचे कॅसिनो: शहरात असावेत का?

पंचगंगाकाठ (धागालेखक)

गेल्या आठवड्यात कामानिमित्त पणजीत तीन रात्री होतो. मुक्काम मळा भागात. पहाटे उठून चालायची खोड असल्यामुळे साडेपाचला मांडवीच्या कडेने, दयानंद बांदोडकर मार्गावरून निघालो. जुन्या सचिवालयासमोर, म्हणजे आदिलशहाच्या वाड्यासमोर, नदीत ती जहाजं उभी. बेतीच्या बाजूला उजाडायला लागलेलं आणि इकडे लाल-जांभळे दिवे अजून चालूच.

कठड्यावर एक माणूस बसला होता. पस्तिशीचा असेल. इस्त्रीचा शर्ट एका बाजूने बाहेर आलेला. आत सोडताना मनगटाला बांधतात तो पट्टा दातांनी तोडायचा त्याचा खटाटोप चालला होता. तो पट्टा ओढून तुटत नाही, कात्रीच लागते. मला बघून म्हणाला, "अंकल, कुछ चाकू-वाकू है क्या?" मी म्हटलं, "चाकू नही है, किल्ली है, चलेगी क्या?" माझ्या हिंदीवरून त्याने लगेच ओळखलं. "कोल्हापूरचे काय?"

घराच्या किल्लीने करवतल्यासारखं करून पट्टा काढला. गडी आमच्याच जिल्ह्यातला निघाला. तिघे मित्र आले होते. दोघे बाराच्या सुमारास निघून गेले, हा "गेलेले वसूल करायला" थांबला. परतीच्या बसचेही उरले नव्हते आणि मित्र फोन उचलत नव्हते. तिकीट आणि चहापाणी धरून सातशे रुपये दिले. माझा नंबर घेतला, म्हणाला पोचलो की पाठवतो.

सातशे रुपयांचं काही नाही. पण राजधानीच्या अगदी मधोमध, जिथून शाळेची पोरं आणि कचेरीतली माणसं ये-जा करतात, तिथे हे असावं का? माझं मत, नको. हलवा तिथून. पणजीकरांचं आणि इतरांचं काय म्हणणं आहे ते ऐकायला आवडेल.

अवांतरपटू

रुमाल टाकून ठेवतो.
सातशे परत येणार नाहीत यावर माझी पैज. (विषयाला धरूनच आहे.)

मांडवीकाठी

ते दिवे माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतात, म्हणून लिहिते.

बाहेरच्यांना वाटतं गोव्यात पोर्तुगीज काळापासून कॅसिनो आहेत. तसं काही नाही. आमचा १९७६ चा कायदा मुळात जुगार बंद करायचाच. १९९२ ला त्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीन लावायला मोकळीक दिली, आणि १९९६ ला 'ऑफशोअर' जहाजांवर टेबलाचे खेळ आले. ऑफशोअर म्हणजे किनाऱ्यापासून दूर. किती दूर ते पंचगंगाकाठ यांनी बघितलंच आहे. जेटीवरून छोट्या बोटीत बसलात की नीट टेकायच्या आत जहाज येतं. आणि जहाज कसलं, नांगर टाकून उभं असतं, जात कुठेच नाही. जमिनीवर टेबल मांडायला कायदा आडवा येतो म्हणून पाण्यावर मांडलेलं टेबल आहे ते. अशी सहा आहेत.

विरोधात असताना जो तो ही जहाजं हाकलणार असतो. मनोहर पर्रीकरांनी विरोधी पक्षात असताना यावरून रान उठवलं होतं. २०१२ ला ते सत्तेवर आले, जहाजं होती तिथेच राहिली. परवाने एकाच्या काळात, मुदतवाढी दुसऱ्याच्या काळात. 'पर्यायी जागा सापडेपर्यंत' ही ओळ मी इतक्या वेळा वाचली आहे की आता हसूही येत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात तर मांडवीत यायला निघालेलं एक जहाज मिरामारला वाळूत रुतून बसलं होतं. अख्खं पणजी बघायला लोटलं. खोटं कशाला बोलू, मीही मुलांना घेऊन गेले होते.

शहराला यातून काय मिळतं? संध्याकाळ झाली की जेटीसमोर गाड्यांची रांग. गिऱ्हाईक गाडीतून उतरतं, तिकीट घेतं, बोटीत बसतं. जेवण, दारू, नाचगाणं सगळं त्या तिकिटातच. पहाटे उतरतं आणि परत गाडीत. माझ्या दिराची छोटी खानावळ आहे, जेटीपासून चालत सात-आठ मिनिटांवर. कॅसिनोचं गिऱ्हाईक त्याच्याकडे कधी येतं सांगू? पहाटे चारला. आणि तेव्हा तिचं शटर खाली असतं.

वर १ फेब्रुवारी २०२० पासून गोंयकाराला आत खेळायला बंदी. म्हणजे माझ्या शहराच्या छातीवर अशी एक जागा आहे की जिथे सगळ्या देशाने यावं, फक्त मी जायचं नाही. मला जायचं नाहीच आहे. पण सरकारने स्वतःच "हे आपल्या माणसांसाठी वाईट आहे" हे मान्य केल्यासारखं झालं ना?

मुक्तछंद

सगळे एका सुरात लागलेत म्हणून जरा बेसूर लावतो.

आपण महाराष्ट्रातली माणसं कुठल्या तोंडाने बोलतोय? राज्य सरकारची लॉटरी १९६९ पासून आहे. महालक्ष्मीला घोडे १८८३ पासून पळताहेत, तेही शहराच्या मधोमधच की. आणि मटका? कल्याणजी भगत आणि रतन खत्री ही नावं माझ्या आजोबांच्या पिढीला मंत्र्यांपेक्षा जास्त पाठ होती. चाळीच्या तोंडाशी बसून आकडा घेणाऱ्याने कधी कुणाचं वय विचारलं होतं? कॅसिनोत २१ च्या खाली प्रवेश नाही, ओळखपत्र लागतं, डोक्यावर कॅमेरे, आणि सरकारला कर.

आपल्याकडे १९७६ सालीच कॅसिनो नियंत्रण आणि कराचा कायदा झाला होता, किती जणांना माहीत आहे? कागदावर राहिला, लागू कधी केलाच नाही. २०२३ मध्ये सरकारने तो रद्द करायचं ठरवलं आणि आपण किती सोवळे म्हणून पाठ थोपटून घेतली. त्याच शनिवारी रात्री पुणे, कोल्हापूर, बेळगावच्या गाड्या पणजीच्या जेटीवर रांगेत. जुगार आपला, जागा शेजाऱ्याची, आणि नाकं मुरडायला परत आपणच.

राहता राहिला मधोमधचा मुद्दा. माझ्या मते शहरातच बरा. दिवे असतात, पोलीस जवळ, रात्री गाडी मिळते, चार लोकांची नजर असते. आडरानात नेलात की वर्तमानपत्रवाला पण फिरकणार नाही. बोटीवरची पोरं, आचारी, वादक, टॅक्सीवाले यांची चूल त्यावर पेटते, हेही लक्षात असू द्या. सज्ञान माणसाने स्वतःचे पैसे कुठे घालवावेत हे आपण का ठरवायचं?

(त्या गड्याला कुणी पट्टा जबरदस्तीने बांधला नव्हता.)

हिशेबनीस

मुक्तछंद, "स्वतःचे पैसे कुठे घालवावेत" यात घालवावेत हा शब्द तुम्ही अगदी बरोबर वापरलात. बाकी लोक "लावावेत" म्हणतात.

रूलेटचं चाक घ्या, फिरवलं की गोळी एका आकड्याच्या खान्यात पडते ते. शून्य धरून ३७ खाने. आकडा लागला तर ३५ पट मिळतात. प्रत्येक खान्यावर १०० रुपये ठेवले तर ३७०० लावले आणि तुमच्या मूळ शंभरासकट ३६०० परत आले. शेकडा २.७ घराचे, म्हणजे कॅसिनोचे. दोन शून्यांचं चाक असेल तर ३८ खाने, आणि घराचा वाटा ५.२६. ऐकायला किरकोळ वाटतं. किराणा दुकानदारही यापेक्षा जास्त नफा ठेवतो.

पण किराणा दुकानात तेच पैसे तासाला पस्तीस वेळा गल्ल्यावरून फिरत नाहीत. दर फेरीला हजार, तासाला ३५ फेऱ्या, म्हणजे ३५,००० रुपये चाकावरून गेले. सरासरी ९४५ घराचे. चार तासांत पावणेचार हजारांवर. कुणी जिंकून उठेल, कुणी सगळं घालवून. टेबलाला तुमच्या नशिबाशी देणंघेणं नाही, त्याला फक्त तुम्ही बसून राहायला हवे आहात. "वसूल करायला थांबलो" हे वाक्य म्हणजे त्या धंद्याचा कणा आहे.

कराबद्दल. कॅसिनोला २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो चिप्स (नोटांऐवजी टेबलावर लावायच्या चकत्या) घेताना त्यांच्या पूर्ण किमतीवर बसतो. जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या तर परत नाही. तो वाटला जातो केंद्र आणि राज्यात, शहराच्या महापालिकेच्या गल्ल्यात थेट काही पडत नाही. मांडवीकाठी यांच्या रस्त्यावरचा कचरा उचलणार महापालिका, आणि कर भलतीकडे.

शूमधला_पत्ता

वाचनमात्र होतो, आज खातं जागं केलं. मी पाच वर्षं डीलर, म्हणजे टेबलावर पत्ते वाटणारा, होतो. गोव्यातच. कुठे ते विचारू नका.

पहिले काही आठवडे पत्ते हातात देतच नाहीत. चिप्स 'कापायला' शिकवतात. वीसची चवड एका हातात घेऊन टेबलावर पाच-पाचच्या चार सारख्या थप्प्या, न बघता. अंगठ्याच्या मुळाशी घट्टे पडतात. कपड्यांना खिसे नाहीत, असले तर शिवून टाकलेले. टेबल सोडताना दोन्ही तळवे कॅमेऱ्याला उलटे-सुलटे करून दाखवायचे, टाळी वाजवल्यासारखं करून. मी घरी सुट्टीवर आलो की जेवून ताटावरून उठतानाही हात तसे व्हायचे. आई म्हणायची, "हे काय रे, भूत झटकतोस?"

आत घड्याळ दिसणार नाही. खिडक्या असल्या तरी पडदे. हे सगळ्यांना माहीत असतं. पण मला जे सगळ्यात जास्त दिसलं ते वेगळंच. एक व्यापारी यायचा, तिकडचं नाव नको. पिशवीतून नोटा काढून काउंटरवर मोजायचा तेव्हा जुन्या दुकानदारासारखं बोट ओलं करून, दोनदा मोजून. एक नोट जास्त गेली तर परत मागून घ्यायचा. तोच माणूस टेबलावर आल्यावर चिप्स मूठभर ढकलायचा, मोजायचाही नाही. नोट गेली की पैसा गेला असं वाटतं, चिप गेली की फक्त चिप जाते. चाक, पत्ते हे सगळं नंतर. खरी जादू त्या काउंटरवर होते.

नोकरी म्हणून मी त्या जागेला नावं ठेवणार नाही. पगार वेळेवर, जेवण तिथलंच. आम्ही सहाजण बेतीला एका खोलीत राहायचो, फेरीबोटीने ये-जा. शहर जवळ होतं म्हणून परवडलं. उद्या हे सगळं कुठे माळावर नेलं तर पोरांनी राहायचं कुठे, याचा विचार 'हलवा' म्हणणारे करत नाहीत, एवढंच.

आणि मुक्तछंद, सज्ञान वगैरे ठीक आहे. पहाटे तीनला टेबलावर सज्ञान फार थोडे उरतात.

धर्मराज_२

युधिष्ठिराने राज्य घालवलं, भाऊ घालवले, बायको पणाला लावली. इतिहासातून आपण कधी शिकणार?

अवांतरपटू

जुगाराचा धागा आणि धर्मराज नाही असं झालंय का कधी. आणि नाव पण काय घेऊन आलाय.

मुक्तछंद

ते राजवाड्यात खेळले हो. शहराच्या मधोमधच असणार.

गोठलेला

टोरांटोहून. आमच्याकडे हेच रामायण २०१२-१३ ला झालं, म्हणून जरा सविस्तर.

प्रांताच्या लॉटरी महामंडळाला शहरात भला मोठा कॅसिनो हवा होता. जागा सुचवल्या त्या अगदी मोक्याच्या, तळ्याकाठचं प्रदर्शनाचं मैदान किंवा मध्यवर्ती अधिवेशन केंद्राजवळ. लास वेगासच्या मोठमोठ्या कंपन्या रांगेत. महापौर रॉब फोर्ड बाजूने. नोकऱ्या, पर्यटक, रंगीत चित्रं, सगळं यथासांग. विरोधात शेजारपाजारचे रहिवासी, आणि शहराच्या आरोग्य खात्यानेही व्यसनाचा मुद्दा लावून धरला.

पण गाडी अडली ती पैशावर. यजमानपणाचा मोबदला म्हणून शहराला वर्षाला किती मिळणार? महापौर म्हणत होते दहा कोटी डॉलर. प्रांताने तेवढ्याचं वचन द्यायला नकार दिला तेव्हा महापौरांनीच विषय संपला म्हणून जाहीर केलं. तरीही २१ मे २०१३ ला नगरसेवक बसले आणि मध्यवर्ती भागातला कॅसिनो ४० विरुद्ध ४ मतांनी फेटाळला. चाळीस विरुद्ध चार! आमची नगरसभा सायकलच्या पट्ट्यावरही एवढी एकमताची नसते.

आम्ही पेढे वाटले. (शब्दशः. ऑफिसात वाटले, कुणाला कळलं नाही कशाचे ते.)

पुढचं कुणी सांगत नाही. २०१५ ला त्याच नगरसभेने वुडबाइनच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर, विमानतळाजवळ, जुगार वाढवायला परवानगी दिली. ते शहराच्या वायव्य टोकाला. आजूबाजूची वस्ती रेक्सडेलची, कमी मिळकतीची, बरीचशी आमच्यासारखीच बाहेरून आलेली. म्हणजे मधल्या काचेच्या इमारतीतल्यांना तळ्याचं दृश्य बिघडायला नको होतं. कडेच्यांना कोण विचारतो.

न्यू यॉर्कलाही तेच. टाइम्स स्क्वेअरचा प्रस्ताव सप्टेंबर २०२५ मध्ये स्थानिक समितीने ४-२ ने पाडला, मॅनहॅटनचे बाकीचेही पडले. नाटकवाले जोरात विरोधात होते. त्यांचं म्हणणं मला पटलं. नाटक सुटलं की प्रेक्षक रस्त्यावर येतो, चालतो, कुठे तरी जेवतो. कॅसिनोची सगळी कसब माणसाला रस्त्यावर येऊ न देण्यात आहे. मांडवीकाठी यांच्या दिरांचं शटर म्हणजे हेच. शेवटी डिसेंबरमध्ये तीन परवाने दिले. दोन क्वीन्समध्ये, एक ब्राँक्समध्ये, म्हणजे मॅनहॅटनच्या बाहेरच.

मुक्तछंद

डेट्रॉइट विसरलात का? तिथे शहरातच तीन कॅसिनो आहेत.

हिशेबनीस

आणि २०१३ ला शहराने दिवाळखोरी जाहीर केली.

मुक्तछंद

ती मोटारींचे कारखाने आणि निम्मी माणसं निघून गेली म्हणून. उलट त्या सगळ्या पडझडीत कॅसिनोचा कर हाच त्यातल्या त्यात भरवशाचा पैसा होता. असं अर्धवट टाकू नका.

हिशेबनीस

मान्य, ते अर्धवटच होतं. मग अटलांटिक सिटी घ्या. १९७६ ला मतदान, १९७८ ला पहिला कॅसिनो, तेव्हा आजूबाजूला कुठेच नव्हते. मग शेजारच्या राज्यांनी आपापले उघडले. २०१४ या एका वर्षात बारापैकी चार बंद पडले. त्यातला एक तर २०१२ लाच उघडलेला, दोन अब्ज डॉलरच्या वर खर्च करून. कॅसिनोचा फायदा टिकतो तो शेजाऱ्याकडे नाही तोवर. गोव्याचा फायदा महाराष्ट्र आणि कर्नाटकात बंदी आहे यावर उभा आहे.

गुन्ह्यांचा विषय अजून कुणी काढला नाही म्हणून मीच काढतो. अमेरिकेत ग्रिनोल्स आणि मस्टर्ड या दोघांनी १९७७ ते १९९६ ची जिल्हावार आकडेवारी तपासली होती. कॅसिनो असलेल्या जिल्ह्यांत १९९६ सालच्या गुन्ह्यांपैकी साधारण ८ टक्के कॅसिनोमुळे, आणि वाढ लगेच नाही, उघडल्यावर काही वर्षांनी दिसते, असा निष्कर्ष. यावर आक्षेप असा की गुन्हे मोजताना भागले फक्त रहिवाशांच्या संख्येने. पर्यटक भागाकारात धरलेच नाहीत. पणजीसारख्या छोट्या गावात हा आक्षेप बिनतोड आहे, रात्रीची पणजी आणि जनगणनेतली पणजी यांचा काही संबंध नाही. त्यामुळे गुन्ह्यांवरून मी हट्ट धरत नाही.

मी हट्ट धरीन तो दुसऱ्या आकड्यावरून. ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकता आयोगाने २०१० ला अंदाज काढला की जुगाराच्या यंत्रांत जाणाऱ्या पैशांपैकी सुमारे ४० टक्के पैसा व्यसन लागलेल्यांचा असतो. "थोडेसे लोक वाहवत जातात" असं म्हणतात ना, ते थोडेसे लोकच दुकान चालवतात.

संपादक मंडळ

दोन प्रतिसाद काढले आहेत. कोणत्या जिल्ह्याच्या लोकांना हिंदी येत नाही ही चर्चा वेगळ्या धाग्यावर करावी.

तेरेखोलपार

सगळं वाचलं. आता मी बांद्याहून विचारतो. मेल्यांनो, पणजीतसून काढतल्यात ता खरा, पण ठेवतल्यात खंय?

सगळे 'हलवा' म्हणता. कुठे हलवायची भाषा चालते ती माहीत आहे का? पेडणे. मोपाच्या विमानतळाच्या आसपास मनोरंजनाचा पट्टा करायचा, असं गेली कित्येक वर्षं ऐकतोय. विमानतळ २०२३ च्या जानेवारीपासून सुरू पण झाला. पेडण्याला लागून कोण? आम्ही. बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग.

आता मांडवीकाठी ताईंनी सांगितलेली बंदी पुन्हा वाचा. गोव्याच्या माणसाला खेळायला बंदी. पेडण्याच्या माणसाला बंदी. आणि आम्ही? आमच्या आधार कार्डावर महाराष्ट्र. आम्ही पर्यटक! हद्दीच्या अलीकडे घर, पलीकडे रोजची नोकरी, आणि सरकारी हिशेबात आम्ही सहलीला आलेले.

आमच्याकडची निम्मी पोरं रोज मोटरसायकलने गोव्यात कामाला जातात. औषधाच्या कारखान्यात, हॉटेलात, आता विमानतळावर. पगार झाला की संध्याकाळी चौघे जमतात. त्यातला एखादा म्हणतो, चल पणजीला जाऊन बघू. मग हिशेब होतो. एवढं लांब, ती बोट, ते तिकीट, परत यायला उजाडणार, उद्या पहिली पाळी. जाऊ दे, म्हणतात आणि घरी येतात. ती पोरं काही संत नाहीत. कंटाळ्याने वाचतात. तेच दिवे कामावरून घरी यायच्या वाटेवर लागले तर? हात दाखवून गाडी आत घ्यायची की झालं.

माझ्या मामेभावाचं सांगतो. कॅसिनो नाही, फोनवरची रमी. दुकान गेलं, गाडी गेली, मग बायकोच्या पाटल्या. केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले तेव्हा मामीने देवापुढे नारळ फोडला. त्याला तेव्हा पणजी लांब होती, फोन खिशात होता. जे खिशात असतं तेच गिळतं. म्हणून विचारतो, आमच्या खिशात का आणून ठेवता?

गोठलेला

रेक्सडेल.

पंचगंगाकाठ (धागालेखक)

तेरेखोलपार, धागा काढताना हे डोक्यातच आलं नव्हतं. "हलवा" लिहिताना माझ्या डोळ्यासमोर फक्त मांडवीचा काठ मोकळा झालेला होता.

मुक्तछंद

म्हणजे मी म्हणत होतो तेच. मधोमधच बरा. गोंयकाराला बंदी आहे, सगळ्यांची नजर आहे, आणि सिंधुदुर्गाला लांब आहे.

मांडवीकाठी

छान! म्हणजे आम्हाला आत जायला बंदी आहे म्हणून आमच्याच दारात ठेवायचं. काय न्याय आहे.

तेरेखोलपार यांचं दुखणं मला कळतं, माझं माहेर पेडण्याचंच आहे. पण गेली वीसेक वर्षं आम्हाला दोनच पर्याय दाखवतात, इथे ठेवू की तिथे नेऊ. परवान्याची मुदत संपली की नवा द्यायचा नाही, असं एकदा तरी कुणी म्हणालंय का? सहाचे पाच, पाचाचे चार. माणसं एका दिवसात रस्त्यावर येणार नाहीत, शूमधला पत्ता यांच्यासारख्या पोरांना दुसरं काही बघायला वेळ मिळेल.

हिशेबनीस

कल्पना बरोबर आहे, पण अंदाजपत्रकात एकदा जमेच्या बाजूला आकडा बसला की त्याला तिथून उठवणं म्हणजे टेबलावरच्या गिऱ्हाइकाला उठवण्यासारखं. सरकारही वसुलीलाच थांबलेलं असतं.

तोवर निदान सिंगापूरसारखं तरी करता येईल. त्यांनी २००५ ला निर्णय घेतला, २०१० ला दोन उघडले, त्यातला एक ऐन शहराच्या तोंडावर, खाडीकाठी. पण स्वतःच्या नागरिकाला आत जायला दिवसाला १०० डॉलर भरावे लागत, २०१९ पासून १५०. ते हरण्याआधीच गेले. आणि घरच्यांना अर्ज करून आपल्या माणसाला आत सोडू नका असं सांगता येतं. तेरेखोलपार यांच्या मामींना नारळ फोडायच्या आधी करण्यासारखं काही तरी असतं.

शूमधला_पत्ता

हे इथे व्हायला हवं. आमच्याकडे एकदा एक बाई जेटीवर आली होती, नवऱ्याचा फोटो घेऊन. याला आत सोडू नका म्हणत होती. दारावरच्या पोराने फोटो नीट बघितला, सॉरी म्हणाला. त्याच्या हातात काही नव्हतं. ती तिकीट खिडकीच्या बाजूला बाकावर बसून राहिली. माझी पाळी सुरू होत होती, मी बोटीत बसलो.

तेरेखोलपार

महाराष्ट्र सरकारने आपल्या माणसांसाठी गोव्याकडे असं काही मागितलं तर? कायदा रद्द केल्याची बातमी देता येते, तसं हेही द्या की.

मुक्तछंद

याला मात्र माझा पाठिंबा. घरच्यांच्या अर्जाला. बंदीला नाही.

अवांतरपटू

मुक्तछंद यांचा पाठिंबा मिळाल्याबद्दल धाग्याचं अभिनंदन. धागालेखक, सातशेचं काय झालं? पैज लावलीय मी.

पंचगंगाकाठ (धागालेखक)

हरलात. काल आले. पूर्ण सातशे, खाली "थँक्यू काका" लिहून.

अवांतरपटू

अरे वा! हरल्याचा आनंद पहिल्यांदाच होतोय. कधी आले, दुपारी? मी तेव्हाच वर प्रतिसाद टाकणार होतो.

पंचगंगाकाठ (धागालेखक)

पहाटे ३:४० ला. मी उठल्यावर बघितलं. कुठून पाठवले असतील म्हणून फोन लावायला घेतला होता, मग नाही लावला.